सहिष्णुता आणि सत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकीय तत्त्वज्ञान शिकवताना आणि त्यावर लिहिताना सहिष्णुतेविषयी जे प्रश्न पत्रांतून आणि वर्गांतून पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांपैकी तेरा येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरांमागे एकच विचारणा आहे, ती सुरुवातीलाच सांगितलेली बरी. कोणी कोणाला सहन करीत आहे असे म्हटले जाते, तेव्हा मनाई करण्याची ताकद कोणाच्या हाती आहे आणि दिलेली मुभा काढून घेणे कोणाच्या मर्जीवर आहे, हे आधी पाहावे.

१. सहिष्णुता म्हणजे सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणे, एवढेच ना?

नाही. जे आपल्याला आवडते, किंवा ज्याचे आपल्याला सोयरसुतकच नाही, त्याबाबत सहिष्णू होण्याचा प्रसंगच येत नाही. शेजाऱ्याच्या देवघरात कोणता देव आहे याची ज्याला फिकीर नाही तो उदासीन असतो, आणि ज्याला शेजाऱ्याचा देव आपल्या देवाइतकाच प्रिय वाटतो तो समन्वयवादी असतो. सहिष्णुतेसाठी आधी खटकणे लागते. जर्मन तत्त्वज्ञ रायनर फोर्स्ट यांनी तिचे तीन घटक सांगितले आहेत : एखादी गोष्ट आपल्याला चुकीची वाटते, तरीही ती चालू द्यावी यासाठी आपल्याजवळ त्याहून वजनदार कारण असते, आणि अमुक मर्यादेपलीकडे ती चालू देणार नाही अशी एक रेषा आपण आखलेली असते. या तिन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी नांदाव्या लागतात, म्हणून हा गुण अवघड आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांना तर तो अशक्यप्राय वाटत असे, कारण जे असह्य वाटते नेमक्या त्याच ठिकाणी त्याची गरज पडते.

या तीन घटकांना अनेक अभ्यासक चौथी अट जोडतात, ती म्हणजे खटकणारी गोष्ट थांबवण्याची ताकद. ही अट वादग्रस्त आहे. तिचा विचार पुढच्याच प्रश्नात केला आहे.

२. ज्याच्या हातात काहीच नाही, तो माणूस सहिष्णू असू शकतो का?

मराठीने हा फरक क्रियापदांतच करून ठेवला आहे. दुष्काळ सोसला जातो, सासुरवास सोसला जातो. खपवून घेतला जातो तो मात्र हाताखालच्या माणसाचा उद्धटपणा किंवा लहानांचा हूडपणा. सोसणाऱ्यापुढे दुसरा पर्याय नसतो, तर खपवून घेणाऱ्याच्या हाती तो असतो आणि तो वापरायचा नाही असे त्याने ठरवलेले असते. ‘आम्ही हे खपवून घेणार नाही’ असे सभेत गर्जून सांगणारा वक्ता मनाई करण्याची ताकद आपल्याकडे आहे असे गृहीत धरतो, किंवा तसा आव आणतो. या अर्थाने सहिष्णुता हा सत्ता असलेल्याचा गुण ठरतो, आणि दुर्बळाने गप्प राहण्याला ते नाव देणे ही त्याची फसवणूक ठरते.

तरीही दुर्बळांच्या बाबतीत एक प्रश्न अर्थपूर्ण राहतो : उद्या सत्ता मिळाली तर हा काय करील? इंग्लंडमधील छळाला कंटाळून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी, मॅसॅच्युसेट्समध्ये सत्ता हाती येताच क्वेकर पंथीयांना हद्दपार करणारे कायदे केले आणि १६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये चार क्वेकरांना फासावर चढवले. त्यांपैकी मेरी डायर ही स्त्री होती. इंग्लंडमध्ये या लोकांनी जे केले होते ते सोसणे होते. ती सहिष्णुता होती असे मानणाऱ्यांचा भ्रम बोस्टनने दूर केला.

३. कोणी आडवे येत नसेल, तर ती मुभा आहे की हक्क, याने काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो, आणि या विषयाचा गाभा मला येथेच दिसतो. फोर्स्ट यांनी सहिष्णुतेच्या चार कल्पना मांडल्या आहेत : वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेली मुभा, तुल्यबळांनी शांततेसाठी केलेली तडजोड, परस्परांना समान नागरिक मानून दाखवलेला आदर, आणि दुसऱ्याच्या जीवनपद्धतीतही काही मोल आहे असे मानून केलेला गौरव. यांतील पहिल्या आणि तिसऱ्या कल्पनेत रोजचा व्यवहार अगदी सारखा दिसू शकतो, पण त्यांतील माणसांचे एकमेकांशी असलेले नाते निराळे असते.

मी पूर्वी राहत असे त्या इमारतीतील एक गोष्ट सांगतो. गच्चीवर दरवर्षी सत्यनारायणाची पूजा होई आणि कोजागिरीचे दूध आटे. त्यासाठी कोणी कोणाला विचारीत नसे, फक्त फळ्यावर वेळ लिहिली जाई. तिसऱ्या मजल्यावरील मुस्लिम कुटुंब रमजानात एका संध्याकाळी आप्तांना इफ्तारसाठी बोलावीत असे आणि त्यासाठी दरवर्षी समितीला अर्ज करीत असे. मी कार्यकारिणीत गेल्यावर ती फाइल माझ्या हाती आली. रेघी कागदावर, नीटस अक्षरांत, सात वर्षांचे सात अर्ज होते. प्रत्येकाचा शेवट ‘कृपया अनुमती द्यावी, ही नम्र विनंती’ असा होता आणि प्रत्येकावर ‘परवानगी दिली’ असा निळा शिक्का होता. एकदाही नकार गेलेला नव्हता, आणि आमची समिती स्वतःला उदार समजत असे. आठव्या वर्षी नव्या चिटणिसांनी नकार दिला नाही, फक्त अर्जाला उत्तर दिले नाही. त्या वर्षी त्या कुटुंबाने पाहुणे घरातच बसवले. आमच्यापैकी कोणी विचारपूसही केली नाही, मीही केली नाही, याची खंत मला अजून आहे.

तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांची स्वातंत्र्याची व्याख्या येथे कामी येते. त्यांच्या मते आपल्या कामात कोणी प्रत्यक्ष ढवळाढवळ करीत नाही एवढ्याने आपण स्वतंत्र होत नाही. तशी ढवळाढवळ मर्जीनुसार करण्याची ताकद कोणाजवळही नसावी लागते. दयाळू धन्याचा गुलाम आयुष्यभर एकही फटका न खाता जगेल, पण धन्याच्या कपाळावरची आठी त्याला रोज वाचावी लागेल. ते सात शिक्के त्या आठीसारखेच होते.

४. युरोपातील सहिष्णुतेची चर्चा नांतच्या फर्मानापाशी येतेच. त्यात एवढे काय आहे?

मर्जीने दिलेल्या मुभेचा जन्म, ऱ्हास आणि अंत हे सारे त्या एका दस्तऐवजाच्या इतिहासात पाहायला मिळते. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि ह्युगेनॉट, म्हणजे तेथील कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट, यांच्यात १५६२ पासून युद्धे पेटली होती. १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यूच्या सणाला पॅरिसमध्ये सुरू झालेली ह्युगेनॉटांची कत्तल ही त्यांतील सर्वांत भीषण घटना. पुढे गादीवर आलेला चौथा हेन्री प्रॉटेस्टंट म्हणून वाढला होता आणि राज्य स्थिर करण्यासाठी १५९३ मध्ये कॅथलिक झाला होता. त्याने १५९८ मध्ये नांत येथे हे फर्मान काढले. ह्युगेनॉटांना ठरावीक ठिकाणी उपासना करता येईल, सरकारी पदे मिळतील, त्यांच्या खटल्यांसाठी दोन्ही पंथांचे न्यायाधीश बसतील, असे त्यात होते. पॅरिस शहरात उपासनेला मनाईच राहिली. याशिवाय सोबतच्या पत्रांनी त्यांना काही तटबंदीची शहरे ताब्यात ठेवू दिली होती आणि तेथील शिबंदीचा खर्च राजाचा खजिना उचलत असे. फर्मान कायमचे आहे, ते कधी रद्द होणार नाही, असे त्यातच लिहिलेले होते.

म्हणजे त्या मुभेला दोन आधार होते, एक राजाचा शब्द आणि दुसरा तटबंदी. १६२८ मध्ये ला रोशेल हे ह्युगेनॉटांचे बंदर दीर्घ वेढ्यानंतर पडले आणि १६२९ च्या आलेसच्या तहाने त्यांच्या सर्व तटबंद्या गेल्या, मात्र उपासनेची मुभा शाबूत राहिली. तत्कालीन माणसाला वाटले असेल की युद्ध हरूनही धर्म वाचला. प्रत्यक्षात त्या दिवसापासून सारी भिस्त एका शब्दावर आली. चौदाव्या लुईच्या काळात फर्मानाचा अर्थ कोतेपणाने लावला जाऊ लागला; जे त्यात स्पष्टपणे दिलेले नाही ते निषिद्ध, असा दंडक पडला, प्रार्थनाघरे पाडली गेली, एकेक व्यवसाय बंद होत गेला, आणि १६८१ पासून प्रॉटेस्टंटांच्या घरांत घोडदळाचे सैनिक उतरवण्यास सुरुवात झाली. घरात शिरलेला सैनिक धर्मांतराच्या कागदावर सही होईपर्यंत हलत नसे. ऑक्टोबर १६८५ मध्ये फर्मान रद्द झाले. त्यासाठी दिलेले कारण पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे : ह्युगेनॉटांपैकी बहुतेकांनी कॅथलिक धर्म स्वीकारला असल्यामुळे आता या फर्मानाची गरजच उरलेली नाही. धर्मगुरूंना देश सोडायला पंधरा दिवस मिळाले. सामान्यांना देश सोडण्याचीही बंदी होती आणि पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला जुंपले जाई. तरीही सुमारे दोन लाख लोक हॉलंड, इंग्लंड, ब्रँडेनबर्ग अशा ठिकाणी निसटले. उरलेल्यांचे विवाह आणि जन्म कायद्याने नोंदवले जाण्यासाठी १७८७ साल उजाडावे लागले.

५. सक्तीने श्रद्धा बदलत नाही, हा लॉकचा युक्तिवाद पुरेसा नाही का?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सहिष्णुतेवरील आपले पत्र १६८५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये, स्वतः परागंदा असताना लिहिले. फ्रान्समधून निर्वासितांचे लोंढे तेथे येत होते तोच तो काळ. पत्र १६८९ मध्ये प्रसिद्ध झाले. शासनाचे हत्यार सक्ती हे आहे, श्रद्धा मात्र आतून पटावी लागते, म्हणून आत्म्याच्या उद्धाराचे काम शासनाच्या आवाक्यातले नाही, असा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता.

ऑक्सफर्डचे जोनास प्रोस्ट यांनी पुढच्याच वर्षी त्यातील फट दाखवली. सक्तीने थेट विश्वास बसत नसेल, पण ज्या पुस्तकाकडे माणूस ढुंकूनही पाहत नव्हता ते वाचायला ती त्याला भाग पाडू शकते, आणि वाचता वाचता मत बदलू शकते. प्रोस्ट यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण ही हरकत खरी आहे. शाळा, पाठ्यपुस्तके आणि प्रसारमाध्यमे हाती असलेली सत्ता लोकांच्या श्रद्धा घडवते हे आपण पाहतोच. सहिष्णुता जर ‘सक्ती निरुपयोगी आहे’ एवढ्यावरच उभी असेल, तर सक्ती उपयोगी ठरते त्या क्षणी ती कोसळते.

म्हणून मला रॉटरडॅमला आश्रय घेतलेले फ्रेंच प्रॉटेस्टंट विचारवंत प्येर बेल अधिक भक्कम वाटतात. त्यांचे बंधू १६८५ मध्ये फ्रान्समधील तुरुंगात मरण पावले. पुढच्या वर्षी बेल यांनी ‘त्यांना आत येण्यास भाग पाडा’ या बायबलमधील वचनावर आपले भाष्य लिहिले. आपला पंथ खरा आहे असे प्रत्येकालाच वाटते. तेव्हा खऱ्या पंथाला सक्तीचा अधिकार आहे असे म्हटले की तो अधिकार सर्वांनाच मिळतो आणि उरतो फक्त बळाचा निकाल, असे त्यांचे म्हणणे. या युक्तिवादात दुसऱ्याची श्रद्धा बदलेल की नाही हा प्रश्नच येत नाही; सत्ता वापरणाऱ्याला तो अधिकार दुसऱ्यापुढे समर्थनीय ठरवता येतो का, हे पाहिले जाते. नास्तिकांचा समाजही नीतीने राहू शकतो असे बेल मानत. लॉक यांनी नास्तिकांना आणि परकीय सत्तेशी निष्ठा असलेल्यांना सहिष्णुतेबाहेर ठेवले होते.

६. आपल्याकडे सहिष्णुता मुळातच होती, मग हे युरोपातील वाद आपण का वाचावेत?

सहिष्णुतेचा अतिशय उंच विचार आपल्याकडे होता, यात शंका नाही. अशोकाचा बारावा शिलालेख सांगतो की, जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, म्हणून जिभेवर ताबा ठेवावा आणि एकमेकांचा धर्म ऐकावा. या लेखमालेतील आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्याला सापडले आहेत. पण लगेच पुढचा, तेरावा लेखही वाचावा. कलिंगच्या संहाराबद्दल पश्चात्ताप व्यक्त करणारा हाच सम्राट तेथे अरण्यातील लोकांना बजावतो की, पश्चात्ताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य कायम आहे; त्यांनी वेळीच सुधारावे, नाही तर मारले जातील. मन द्रवलेले आहे आणि तलवारही कमरेलाच आहे.

अकबराने १५६४ मध्ये जिझिया हा मुस्लिमेतरांवरील कर रद्द केला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये तो पुन्हा लादला, म्हणजे नांतचे फर्मान रद्द होण्याच्या अवघी सहा वर्षे आधी. दोन राज्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण मुभेचे स्वरूप सारखे होते : ती बादशहाने दिली होती आणि बादशहाची मर्जी खप्पा होताच गेली. गोव्यात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देस आणि सासष्टीत सोळाव्या शतकात मंदिरे पाडली, त्यामुळे मंगेशीसारखी दैवते पलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवावी लागली. १५६० मध्ये तेथे सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, १८१२ पर्यंत टिकले. त्याच पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात फोंडा आणि इतर नव्या काबिजादी, म्हणजे नव्याने जिंकलेले मुलूख, घेतल्या तेव्हा तेथील देवळांना आणि रिवाजांना धक्का लागणार नाही असे आश्वासन दिले. राज्यकर्ते तेच होते, धर्म तोच होता. बळाचे आणि सोयीचे गणित मात्र बदलले होते.

७. ‘सर्वधर्मसमभाव’ आणि सहिष्णुता एकच का?

एक नाहीत. समभावात दुसऱ्याच्या धर्माबद्दल आदर अपेक्षित असतो. सहिष्णुतेत नापसंती कायम राहून संयम अपेक्षित असतो (प्रश्न १ पाहा). समभाव ही मनाची अवस्था असल्याने शासन ती मागू शकत नाही, आणि नास्तिकाला तर तो प्रामाणिकपणे शक्यही नसतो. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २५ नागरिकाच्या भावनेविषयी काही म्हणत नाही. तो सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या मर्यादा सांगतो. शेजाऱ्याला माझा धर्म आवडतो की नाही यावर माझा हक्क अवलंबून नाही, ही त्यातील मोठी गोष्ट.

८. सत्ता म्हणजे शासनच ना? मग समाजाने नाके मुरडली तर त्याला असहिष्णुता का म्हणायचे?

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्येच दाखवून दिले होते की, प्रचलित लोकमताची जुलूमशाही सरकारी जुलमाहून अधिक खोलवर पोहोचते, कारण तिच्यापासून सुटकेच्या वाटा थोड्या असतात. महाराष्ट्रात मिलचे विचार सर्वांत निष्ठेने जगले ते गोपाळ गणेश आगरकर यांनी. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ असे म्हणणाऱ्या या माणसाची, तो जिवंत असताना, पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. कोणत्याही सरकारी कायद्याने त्यांना गप्प केले नव्हते. गल्लीने ते करून पाहिले.

मात्र नाक मुरडणे आणि वाळीत टाकणे यांत अंतर आहे. टीका, उपहास, एखाद्याच्या घरी न जाणे हे माझ्या स्वातंत्र्यात मोडते. पाणी, काम, दुकान, स्मशान यांच्या वाटा सगळ्यांनी मिळून बंद करणे ही सत्ता आहे, तिच्यावर सरकारी शिक्का असो वा नसो.

९. अस्पृश्यतेला ‘असहिष्णुता’ म्हणणे बरोबर आहे का?

मला ते बरोबर वाटत नाही, आणि कारण थोडे विस्ताराने सांगावे लागेल. सहिष्णुतेत आक्षेप असतो आणि त्या आक्षेपाला काही किमान विवेकी आधार असावा लागतो. एखाद्या माणसाचा जन्मच ज्याला खटकतो, त्याने ‘मी संयम ठेवून याला पाणी भरू देतो’ असे म्हटले, तर त्याला सहिष्णू म्हणून गौरवणे म्हणजे तो आक्षेप वैध ठरवणे होय. वंशद्वेष्टा आपला द्वेष जितका अधिक आवरतो तितका तो अधिक सद्गुणी, असा विचित्र निष्कर्ष त्यातून निघतो. येथे संयम पुरत नाही. तो आक्षेपच सोडावा लागतो.

महाडची हकिकत या दृष्टीने वाचावी. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर मुभा मिळाली, पण गावाच्या धाकाने तळ्याकडे जाण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. नांतच्या फर्मानाची हीच गत झाली होती (प्रश्न ४). फरक असा की, महाडला जमलेल्यांनी नवी मुभा मागितली नाही. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आम्ही तळ्यावर जात आहोत, ही बाबासाहेबांची भूमिका होती. न्यायालयीन लढा चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ती ‘सहन करू नये’ किंवा ‘सवर्णांनी उदार व्हावे’ अशी भाषा तेथे कोठेही नाही.

१०. असहिष्णू लोकांनाही सहन करायचे का? कार्ल पॉपर तर नाही म्हणतात.

पॉपर यांचे १९४५ च्या ग्रंथातील ते विधान एका टीपेत आहे आणि ते नेहमी अर्धेच सांगितले जाते. अमर्याद सहिष्णुतेने सहिष्णुताच नष्ट होते असे ते म्हणतात; पण असहिष्णू विचारांना युक्तिवादाने आणि लोकमताने आवर घालता येतो तोवर त्यांना दडपणे शहाणपणाचे नाही, असेही तेथेच म्हणतात. वाद घालायलाच नकार देऊन जे अनुयायांना मुठी आणि पिस्तुले वापरायला शिकवतात, त्यांना बळाने रोखण्याचा हक्क ते राखून ठेवतात.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये रेषा आणखी नेमकी आखली : असहिष्णू गटाला तक्रार करण्याचा नैतिक अधिकार नसेल, तरी केवळ तेवढ्यावरून त्याचे स्वातंत्र्य काढून घेता येत नाही; स्वतःची सुरक्षितता आणि स्वातंत्र्याच्या संस्था खरोखर धोक्यात आहेत असे मानायला सबळ कारण असेल तरच ते मर्यादित करता येते. येथेही निर्णायक ठरते ती सत्ताच. चार माणसांचे विद्वेषी पत्रक आणि पोलीस दल हाती असलेल्या पक्षाचे तेच विद्वेषी पत्रक यांना एकाच मापाने मोजू नये. असहिष्णूंना सहन करू नये या युक्तिवादाचा आधार आज बहुतेकदा बलवानच दुर्बळांविरुद्ध घेतात, हे पाहून मी अस्वस्थ होतो.

११. मग सहिष्णुता हे सत्ताधाऱ्यांचे हत्यारच आहे, असे का म्हणू नये?

असे म्हणणारे आहेत आणि त्यांचे ऐकले पाहिजे. तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूझ यांनी १९६५ मध्ये लिहिले की, विषम समाजात सर्व मतांना सारखीच मोकळीक देणे प्रत्यक्षात प्रस्थापितांच्या पथ्यावर पडते. राजकीय विचारवंत वेंडी ब्राऊन यांनी २००६ मध्ये दाखवले की, सहिष्णुतेची भाषा राजकीय अन्यायाचे रूपांतर मनोवृत्तीच्या प्रश्नात करते. पाणवठा कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न ‘दोन समाजांनी एकमेकांना समजून घ्यावे’ अशा उपदेशात विरून जातो, हे आपल्या वृत्तपत्रांत आठवड्याला वाचायला मिळते.

मार्क्यूझ यांचे निदान मला बरेचसे पटते. प्रतिगामी मतांबाबत असहिष्णुता बाळगावी हा उपाय पटत नाही, कारण प्रतिगामी कोण हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती जाईल तोच नवा चौदावा लुई. ब्राऊन यांचा इशारा घेऊन पुढे जाता येते : सहिष्णुतेची भाषा ऐकू आली की प्रश्न ३ मधील कसोटी लावावी, म्हणजे ही मुभा आहे की हक्क हे पाहावे.

१२. एखाद्या समाजाला स्वायत्तता दिली आणि तो समाज आपल्याच माणसांना छळू लागला, तर?

हा सर्वांत कठीण अपवाद आहे आणि त्याचा उत्तम नमुना मुंबईचाच आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धार्मिक समाजांना आपल्या सदस्यांना बहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरवला. बहिष्कृत करण्याचा अधिकार हा संप्रदायाने आपला कारभार स्वतः पाहण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी एकट्याने असहमती नोंदवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्राने जातपंचायतींच्या छळानंतर २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा आहे.

शासनासमोर जो समाज अल्पसंख्य आणि दुर्बळ असतो, तोच आपल्यातील सुधारकासमोर बलाढ्य असतो. म्हणून ‘अल्पसंख्य’ हा शब्द ऐकून थांबू नये. माझे मत असहमतीच्या निकालाकडे झुकते. समाजाने आपली शिकवण ठरवावी, न पटणाऱ्याला धार्मिक पद नाकारावे; पण ज्याच्या पित्याचे दफन अडवले जाते आणि ज्याच्या बहिणीला त्याच्या घरी येण्याची बंदी होते, त्याच्यासाठी ‘समाज सोडण्याची मोकळीक आहे’ हे उत्तर पोकळ आहे.

१३. शाळेत राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या मुलांना सूट मिळाली, ती मेहेरबानीच नव्हे का?

हा प्रश्न केरळमधील १९८५ च्या प्रकरणाविषयी आहे. जेहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहत, पण ओठ हलवीत नसत; आपल्या देवाची प्रार्थना सोडून काही गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. एरवी कोणाचीही तक्रार नसलेल्या या मुलांना शाळेतून काढले गेले. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपले तत्त्वज्ञान तिचा उपदेश करते आणि आपले संविधान ती आचरते, अशा अर्थाचे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

उद्गारांत शब्द सहिष्णुता असला तरी निकालाचा पाया हक्काचा आहे. गाणे सक्तीचे करणारा कायदाच नव्हता, शिक्षण खात्याचे परिपत्रक होते. आणि खात्याच्या परिपत्रकाने अनुच्छेद १९ आणि २५ मधील मूलभूत हक्कांवर गदा आणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे पुढच्या वर्षी त्या मुलांना मुख्याध्यापकांकडे अर्ज घेऊन जावे लागणार नव्हते.